इम्प्लांट काढण्याआधी: ऐकीव काय, खरं काय

स्तनांमध्ये इम्प्लांट बसवलं की रुग्णाच्या हातात एक छोटं कार्ड देतात. त्यावर दोन स्टिकर असतात, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. कंपनीचं नाव, इम्प्लांट किती सीसीचं, पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, लॉट नंबर, सीरियल नंबर, सगळं त्या दोन बोटांएवढ्या कागदावर. मग ते कार्ड कुठल्यातरी फायलीत जातं आणि वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतं. एके रात्री मोबाइलवर एखादा व्हिडिओ येतो, ‘तुमच्या छातीत विष आहे’ असं कुणी सांगतं आणि झोप उडते. सर्जनला घाईने फोन लावण्याआधी ते कार्ड शोधा. तुम्हाला किती काळजी करायला हवी, हे बरंचसं त्यावरूनच ठरतं.

‘दहा वर्षं झाली, आता काढायलाच हवं’ हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. औषधाच्या बाटलीवर असते तशी मुदत इम्प्लांटला नसते. ते जन्मभर टिकतं, हा उलटा समजही तितकाच चुकीचा. १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या सर्जननी टिमी जीन लिंडसे यांच्यावर सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटची पहिली शस्त्रक्रिया केली, आणि ती इम्प्लांट त्यांच्या अंगात पुढे कित्येक दशकं राहिली. तरीही अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, स्पष्ट सांगतं की ही आयुष्यभराची वस्तू नाही आणि जितकी वर्षं जातील तितकी गुंतागुंत होण्याची शक्यता वाढते. म्हणून नजर ठेवायची ती कॅलेंडरवर नव्हे, तपासणीवर. सलाइनचं इम्प्लांट फुटलं तर लगेच कळतं, कारण पाणी शरीरात शोषलं जातं आणि स्तन बसतो. सिलिकॉनचं तसं नाही. जेल घट्ट असल्याने आवरण फाटलं तरी आकार तसाच राहतो, दुखतही नाही. म्हणूनच काहीही त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एकदा, असा एफडीएचा सल्ला आहे. मॅमोग्राफी कॅन्सरसाठी करायचीच, पण फाटलेलं आवरण पकडायला ती पुरेशी नाही. आणि तपासणीच्या टेबलावर लाजू नका. इम्प्लांट आहे हे तिथल्या ताईंना आधी सांगितलं तर त्या ते मागे सरकवून वेगळ्या पद्धतीने फोटो घेतात. घरात कुणाला माहीत नसेल तर नसू दे, रेडिओलॉजिस्टला माहीत हवं.

कॅन्सरच्या भीतीबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण यात अर्धं खरं आहे. इम्प्लांटभोवती अगदी क्वचित एक लिम्फोमा होतो. त्याचं नाव बीआयए-एएलसीएल. हा स्तनाचा कॅन्सर नाही, रोगप्रतिकारक पेशींचा आहे, आणि त्याचा संबंध मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी दिसून आला आहे. एफडीएने २०११ साली याबद्दल पहिल्यांदा सावध केलं. जुलै २०१९ मध्ये एफडीएच्या सांगण्यावरून अ‍ॅलर्गन कंपनीने आपली ‘बायोसेल’ इम्प्लांट जगभरातून परत मागवली. गैरसमज इथून सुरू झाला. ‘परत मागवली’ म्हणजे न वापरलेला माल बाजारातून काढून घेतला. ज्यांच्या अंगात ती आहेत आणि काही त्रास नाही, त्यांनी ती काढून टाकावीत असं एफडीएने तेव्हाही सांगितलं नाही, कारण शस्त्रक्रियेचा धोका त्या दुर्मीळ आजाराच्या धोक्यापेक्षा मोठा ठरू शकतो. मात्र बसवल्यावर काही वर्षांनी एखादी बाजू अचानक पाणी साचून सुजली, गाठ लागली, न थांबणारं दुखणं सुरू झालं, तर एक दिवसही घालवू नका. ते पाणी सुईने काढून सीडी-३० या चाचणीसाठी पाठवतात. आजार लवकर सापडला तर इम्प्लांट आणि भोवतीचं वेष्टन पूर्ण काढल्यावर बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

कार्डावर कंपनीचं नाव का बघायचं, हे फ्रान्समधल्या एका प्रकरणाने शिकवलं. पीआयपी नावाच्या कंपनीने वैद्यकीय सिलिकॉनऐवजी कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरलं. २०१० साली ते उघडकीला आलं, आणि २०११ च्या डिसेंबरमध्ये फ्रेंच सरकारने ती इम्प्लांट बसवलेल्या स्त्रियांना, त्रास असो वा नसो, खबरदारी म्हणून इम्प्लांट काढून घ्यायला सांगितलं. कंपनीचा संस्थापक ज्याँ-क्लोद मास याला २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. पीआयपीची इम्प्लांट बऱ्याच देशांत गेली होती. तुमच्या कार्डावर हे नाव असेल तर तुमचा विचार इतरांपेक्षा वेगळा असणार.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. थकवा, सांधे दुखणं, डोकं चालत नाही असं वाटणं, केस गळणं, झोप न लागणं... असा त्रास सांगणाऱ्या हजारो स्त्रिया जगभर आहेत. त्याला ‘ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस’ म्हणतात. ‘हे सगळं मनाचे खेळ’ असं म्हणणारे डॉक्टर मला पटत नाहीत. एफडीएने २०२१ मध्ये इम्प्लांटसोबत जो ठळक इशारा देणं बंधनकारक केलं, त्यात या तक्रारींचा उल्लेख आहे. पण ‘इम्प्लांट काढलं की सगळं बरं होतं’ हेही कुणी छातीठोकपणे सांगू नये. या आजाराची कुठलीही रक्तचाचणी नाही. आणि नेमकी हीच लक्षणं थायरॉइड बिघडल्यावर, हिमोग्लोबिन उतरल्यावर, बी-१२ किंवा ड जीवनसत्त्व कमी असताना, पाळी जाण्याच्या वयात, संधिवाताच्या सुरुवातीला दिसतात. आपल्याकडे या कमतरता घरोघरी आहेत. म्हणून आधी फिजिशियनकडून हे सगळं तपासून घ्या. त्यात काही सापडलं तर त्यावर उपचार करा, आणि त्यानंतरही त्रास राहिला तर काढण्याचा निर्णय जास्त मोकळ्या मनाने घेता येईल.

याच्याशीच जोडलेला समज म्हणजे ‘एन ब्लॉक’चा. इम्प्लांट आणि त्याभोवतीचं वेष्टन एकसंध, न फोडता, पूर्णच काढलं पाहिजे, नाहीतर ‘विष’ आत राहतं, असं इंटरनेटवर ठासून सांगतात. हे वेष्टन म्हणजे काय, ते समजून घेऊ. शरीरात बाहेरची कुठलीही वस्तू ठेवली की शरीर तिच्याभोवती स्वतःच्या पेशींचं आवरण विणतं. सर्जन त्याला कॅप्सूल म्हणतात. निरोगी असेल तर ते उकडलेल्या अंड्याच्या टरफलाखालच्या पापुद्र्यासारखं पातळ असतं. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर हा पापुद्रा थेट बरगड्यांना चिकटलेला असतो. तो हट्टाने खरवडून काढायचा म्हटलं तर रक्तस्राव वाढतो, फुप्फुसाच्या आवरणाला भोक पडून छातीत हवा शिरण्याचा धोका असतो. वेष्टन जाड झालं असेल, त्यात कॅल्शियम साठलं असेल किंवा जेल फुटून पसरलं असेल तर ते काढणं योग्य. लिम्फोमा असेल तर पूर्ण काढणं भागच आहे. इतरांसाठी नाही. अमेरिकेत १५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांनी त्रासामुळे इम्प्लांट काढलं त्यांपैकी बहुतेकींना आराम पडला, पण वेष्टन किती काढलं यावरून त्यात फरक दिसला नाही. ‘मी सगळ्यांचं एन ब्लॉकच करतो’ अशी जाहिरात करणाऱ्या सर्जनकडे मी तरी सावधपणे बघेन.

‘काढलं की पूर्वीसारखं होईल’, ही आशा मला सगळ्यात जास्त दुखवणारी वाटते, कारण ती ऑपरेशननंतर आरशासमोर तुटते. मोठं इम्प्लांट बरीच वर्षं राहिलं की त्वचा ताणली जाते आणि वरची स्तनाची ऊती दबून पातळ होते. शिवाय मधल्या काळात बाळंतपण, दूध पाजणं, वजनाचे चढ-उतार होऊन गेलेले असतात. काढल्यावर पहिले काही आठवडे स्तन रिकाम्या पिशवीसारखा दिसू शकतो. पुढच्या महिन्यांत तो थोडा सावरतो. कुणाला तेवढं पुरतं, कुणाला स्तन उचलून घेण्याची किंवा पोटा-मांडीची चरबी भरण्याची शस्त्रक्रिया लागते. ती त्याच वेळी करायची की नंतर, हे त्वचेच्या रक्तपुरवठ्यावर ठरतं. नुकतंच बाळाचं दूध तोडलं असेल तर काही महिने थांबा. स्तनाचा आकार स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. तंबाखू कुठल्याही रूपात असो, सिगारेट असो वा दातांना लावायची मिश्री, शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे बंद करा. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही.

कॅन्सरनंतर स्तन पुन्हा उभारण्यासाठी इम्प्लांट घेतलेल्या मैत्रिणींचं गणित आणखी वेगळं आहे. रेडिएशन झालेली त्वचा कडक असते, तिथे जखम उशिरा भरते आणि आत स्वतःची ऊती फारशी उरलेलीच नसते. अशा वेळी पाठीची किंवा पोटाची ऊती आणून भरणं किंवा छाती सरळ सपाट शिवून घेणं, हे दोन्ही मार्ग खुले आहेत. सपाट छाती निवडणं म्हणजे हार नव्हे. पण तुमच्या ऑन्कोलॉजिस्टला विचारल्याशिवाय तारीख ठरवू नका.

खर्चाचं थोडक्यात. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आपल्याकडच्या आरोग्य विम्यात बसत नाही. मात्र अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना आणि तातडीचा धोका टाळण्यासाठी डॉक्टरांनी लेखी गरज सांगितलेले उपचार याला अपवाद आहेत. म्हणून फुटल्याचा एमआरआय रिपोर्ट जपून ठेवा. सर्जन प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी झालेला आहे का, हे विचारायला संकोचू नका.

शेवटची भेट शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात होते, तेव्हा दोन गोष्टी आधीच ठरवून घ्या. काढलेलं वेष्टन आणि पाणी पॅथॉलॉजीला जाणार का? आणि काढलेल्या इम्प्लांटचा फोटो व त्यावरचे नंबर फायलीत लागणार का? बहुतेकदा बाजूने एक-दोन ड्रेनच्या नळ्या घेऊन तुम्ही घरी याल. त्यातून येणारं पाणी रोज मोजून वहीत लिहावं लागतं आणि ते कमी झालं की नळ्या निघतात. जड बादली उचलणं, कणकेचा मोठा गोळा मळणं साधारण चार ते सहा आठवडे दुसऱ्या कुणाकडे सोपवा. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला की त्या जुन्या कार्डाशेजारीच ठेवा.