कपाळ झिजवणारे कर्ज

डहाणूच्या खाडीकाठचा किल्ला चिमाजी अप्पांच्या फौजेने 1739च्या सुरुवातीला पोर्तुगिजांकडून घेतला. केळवे-माहीम, तारापूर, अशेरीही त्याच मोहिमेत आले आणि मे महिन्यात वसई पडली. या मोहिमेतल्या तोफा आणि सुरुंग आपल्याला ठाऊक असतात. पण फौजेच्या पोटाला पैसा कुठून आला, असे विचारले की गोष्ट रणांगणातून उठते आणि सावकाराच्या ओसरीवर जाऊन बसते. तिथे जे दिसते ते थक्क करणारे आहे.

चिमाजी अप्पांचे भाऊ थोरले बाजीराव पेशवे कर्जात बुडाले होते. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रात ते कळवळून सांगतात, की मी सावकारांच्या नरकात पडलो आहे, सावकार आणि शिलेदार यांच्या पाया पडता पडता कपाळाची कातडी झिजली. 1737 साली ज्याने थेट दिल्लीच्या वेशीवर धडक मारली, त्या पेशव्याचे हे शब्द! आणि पत्र ज्यांना गेले, ते साताऱ्याजवळच्या धावडशीचे स्वामी त्याचे गुरूही होते आणि धनकोही. स्वामी व्याजाने पैसे देत, परतफेडीसाठी खरमरीत पत्रे लिहीत आणि देवळे, तळी, विहिरी बांधत. वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी विजयाची सविस्तर हकीकत कळवली, तीही त्यांनाच.

जिंकणारा माणूस कर्जबाजारी कसा? उत्तर पंचांगात आहे. मोहीम निघे दसऱ्याला, तेव्हाच फौजेच्या हातावर रोकड ठेवावी लागे. स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार उधारीवर किती दिवस लढणार? चौथाई आणि खंडणी मात्र पुढे कधीतरी, आली तर येई. मधले महिने सावकार भरून काढी. न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिशांवर लिहिताना नोंदवले आहे, की बाजीरावांचे पुत्र नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1740 ते 1760 या वीस वर्षांत, सुमारे दीड कोटी रुपये कर्ज काढले गेले आणि व्याज होते शेकडा 12 ते 18.

वसुलीची रीतही विलक्षण होती. आधी तगादा, मग ऋणकोच्या दारात धरणे. सावकार किंवा त्याचा माणूस दारात उपाशी बसे आणि तो उपाशी असेतो घरधन्यालाही जेवता येत नसे. आज मोर्चातून ऐकू येणारा ‘धरणे’ हा शब्द असा सावकारीच्या उंबरठ्यावरून आला आहे. धनकोलाही वेसण होती, तिचे नाव दामदुप्पट. मुद्दल शंभर असेल, तर थकलेले व्याज शंभराच्या वर चढत नाही, एका वेळी दोनशेपेक्षा जास्त मागता येत नाही. हा धर्मशास्त्रातला नियम इंग्रजी अमलातही मुंबईच्या न्यायालयांनी हिंदू ऋणकोंसाठी चालू ठेवला.

नेमक्या याच शतकात, सातासमुद्रापार, व्हर्जिनियातले जमीनदार असेच पेचात होते. जॉर्ज वॉशिंग्टन आपली तंबाखू लंडनच्या रॉबर्ट केरी कंपनीकडे पाठवत, बदल्यात माल मागवत आणि खात्यावर कर्ज चढे. पीक आज, पैसा उद्या, म्हणजे दुखणे तेच. स्वातंत्र्य मिळाल्यावरही इंग्रज धनकोंचे दावे थांबले नाहीत. 1796 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने धनकोंच्या बाजूने निकाल दिला. थॉमस जेफर्सन 1826 साली वारले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर एक लाख डॉलरहून जास्त कर्ज होते.

हे सारे आपल्याला कळते, कारण कर्ज कागद मागते. प्रेम, राग, भीती तोंडी चालतात. देण्याघेण्याला अक्षर लागते. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी त्यातून 45 खंड निवडून छापले, तरी तो त्या ढिगाचा लहानसा भाग आहे.

पण डहाणूच्या मातीत आणखी एक कर्ज होते. वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेई आणि ते फेडायला नवराबायको त्याच्याकडे राबत, पुष्कळदा जन्मभर. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. अक्षरओळख नसलेल्या या ऋणकोपर्यंत दामदुप्पट पोचलीच नाही. हिशेब मालकाचा आणि फेड झाली की नाही, हे ठरवणाराही मालकच. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरी गावात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने सुमारे 5,000 वारली जमले. वेठ करायची नाही आणि रोज 12 आण्यांखाली काम करायचे नाही, असे त्यांनी ठरवले. त्या लढ्यात लग्नगडीही सुटले.

पेशव्याचे झिजलेले कपाळ एका पत्रामुळे आपल्याला दिसते. लग्नगड्याने असे पत्र कोणाला लिहिले नाही. डहाणूजवळच्या कैनाडपासून तलासरीपर्यंतच्या पाड्यांवर लग्नगड्यांची मुले, नातवंडे राहतात. आजा-आजीकडून ऐकलेले त्यांना आठवत असेल, तर ते आजच लिहून ठेवायला हवे. त्या कर्जाची वही तेवढीच आहे.