कोर्टाचा पुरावा आणि समाजाचा पुरावा

भामरागड तालुक्यातल्या एखाद्या माडिया गावात माणूस मारला गेला, तर त्या मरणाकडे दोन प्रकारची माणसे वही घेऊन जातात. पोलीस विचारतो, "कोणी मारले?" समाजशास्त्राचा अभ्यासक विचारतो, "इथे माणसे अशी का मारली जातात?" दोघेही जबाब घेतात, दोघेही कागद करतात. पण दोघांची पद्धत वेगळी, वजनकाटा वेगळा आणि चुकीची किंमतही वेगळी. हा फरक चळवळीने समजून घेतला नाही, तर आमचीच माणसे तुरुंगात सडतील आणि आमच्यावर अत्याचार करणारे उजळ माथ्याने फिरतील.

इंद्रावतीच्या पलीकडे बस्तर आहे. व्हेरियर एल्विन यांनी त्या संस्थानातल्या मारियांच्या खुनाच्या १०० खटल्यांचा अभ्यास करून १९४३ साली 'मारिया मर्डर अँड सुइसाइड' हे पुस्तक प्रसिद्ध केले. कोर्टाने एकेक फाईल उघडली, आरोपीला शिक्षा दिली किंवा सोडले आणि फाईल बंद केली. एल्विन यांनी शंभर प्रकरणे शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा दारू, घरातली भांडणे, मत्सर, जादूटोण्याचा संशय हे धागे दिसू लागले. 'आदिवासी म्हणजे जात्याच खुनशी' या समजुतीला त्यातून उत्तर मिळाले. पण जो खून कोर्टापर्यंत पोचलाच नाही, तो या शंभरांत नाही. आणि शंभर फायली वाचूनही एकशे एकाव्या आरोपीने खून केला की नाही, हे सांगता येत नाही. या दोन मर्यादा वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात.

कोर्टाची पद्धत पाहू. परिस्थितिजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची तर काय सिद्ध व्हावे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली शरद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सांगितले. प्रत्येक परिस्थिती पूर्ण सिद्ध व्हावी. ती फक्त आरोपीच्या दोषाशीच जुळावी. ती निर्णायक असावी. दुसरी प्रत्येक शक्यता खोडली जावी. आणि साखळीत एकही कडी सुटू नये. या पाच तत्त्वांना न्यायालयाने चक्क 'पंचशील' हा शब्द वापरला आहे. 'गुन्हा केला असेल' आणि 'केलाच असला पाहिजे' यांत फार मोठे अंतर असते, हे त्याच न्यायालयाने १९७३ सालीच बजावले होते. एवढा कडकपणा कशासाठी? कारण समोर सबंध राज्ययंत्रणा आणि अलीकडे एकटा माणूस उभा असतो. इथे चूक झाली तर त्याचे आयुष्य जाते.

समाजशास्त्राची पद्धत याच्या उलट दिशेने जाते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. दवाखान्याचे रजिस्टर पाहून बसले असते तर 'इथे हा आजारच नाही' असा निष्कर्ष निघाला असता. गुन्ह्याचेही तसेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग मोजतो ते नोंदवलेले गुन्हे, घडलेले नव्हेत. एखाद्या ठाण्यात अत्याचाराची फिर्याद नाही, याचा अर्थ अत्याचार नाही असा होत नाही. ठाणे दूर आहे, भाषा परकी आहे, खाकीची भीती आहे, असाही तो असू शकतो. हे घरोघरी जाऊनच कळते. मात्र ९२ टक्के हा आकडा कितीही खरा असला, तरी समोरची बाई आजारी आहे की नाही हे तिला तपासूनच ठरवावे लागते.

या पद्धतींची गल्लत झाली की काय होते, त्याची साक्ष याच भागाने दिली आहे. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या आणि आजच्या गडचिरोलीतल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची फिर्याद झाली. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोन्ही पोलिसांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे संमती! रात्रीचे ठाणे, वर्दीतले पुरुष, मजुरी करणारी पोरकी मुलगी. अशा ठिकाणी गप्प राहणे म्हणजे काय, हा प्रश्न समाजशास्त्राचा होता. तो न्यायालयाने विचारलाच नाही. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून तो विचारला. देशभर आंदोलन झाले. १९८३ साली पुरावा कायद्यात कलम ११४ अ आले : कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालय ती नव्हती असेच धरून चालेल. आजच्या भारतीय साक्ष अधिनियमात हेच कलम १२० आहे. समाजाचे ज्ञान कायद्यात शिरले. त्या मुलीला मात्र न्याय मिळाला नाही.

खैरलांजीतही तेच. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. गावात जाऊन आलेल्या कार्यकर्त्यांना जात दिसली. भंडारा सत्र न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी ठरवले, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. हत्येमागे सूड आहे, जात नाही, असे मानले. सबंध गाव एका बौद्ध कुटुंबाविरुद्ध का उभे राहते, हा प्रश्न एकेका आरोपीचा हेतू तपासणाऱ्या चौकटीत मावलाच नाही. २०१५ च्या दुरुस्तीने तिथेही गृहीतक आणले : आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याची जात त्याला माहीत होती असे न्यायालय धरून चालेल, नव्हती हे आरोपीने सिद्ध करावे.

आता उलटी गल्लत पाहा. ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोली सत्र न्यायालयाने प्रा. साईबाबा आणि इतर पाच जणांना दोषी ठरवले. शिक्षा सुनावताना निकालात १९८२ पासून जिल्हा नक्षली हिंसेने ठप्प झाल्याचा, उद्योग येत नसल्याचा उल्लेख आला. हे विधान जिल्ह्याबद्दलचे आहे. त्याला सर्वेक्षण लागते, तुलना लागते, विकास न होण्याची बाकीची कारणे तपासावी लागतात. त्याचे ओझे एका आरोपीच्या शिक्षेवर कसे टाकता येईल? ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्वांना निर्दोष सोडले. त्याआधीच, ऑगस्ट २०२२ मध्ये, त्यांतला याच जिल्ह्यातला एक आदिवासी तरुण तुरुंगात मरण पावला होता. 'त्या भागातला आहे, म्हणजे त्यांच्यातलाच असणार' हे वाक्य ना कायदा आहे, ना समाजशास्त्र. तो पूर्वग्रह आहे. 'त्या वस्तीतला आहे, म्हणजे चोर असणार' हे वाक्य आमच्या बापजाद्यांनीही ऐकले आहे.

भामरागडसारख्या ठिकाणी दोन्ही पद्धतींची कसोटी लागते. माणूस माडियात बोलतो, कागदावर मराठी उमटते. मधला दुभाषी कोण, त्याने काय गाळले, हे ना दोषारोपपत्रात लिहिलेले असते, ना बऱ्याचशा शोधनिबंधांत. साक्षीदाराची निदान उलटतपासणी होते. अभ्यासकाला माहिती देणाऱ्याची होत नाही. म्हणून अभ्यासकाने स्वतःचीच उलटतपासणी घ्यायला शिकले पाहिजे. दुसरे, वकील आणि पक्षकार यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचे संरक्षण आहे. अभ्यासकाच्या वहीला तसे नाही. ती जप्त होऊ शकते. पोलीस आणि नक्षली या दोहोंच्या कात्रीत राहिलेल्या गावात वहीत लिहिलेले एक नाव एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

दोन्ही पद्धती एका पंगतीत बसतात अशी एक जागा मात्र आहे. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांतला नियम १३ वडीलधाऱ्यांची लेखी निवेदने, दफनभूमी, देवस्थाने आणि नामवंत संस्थांचे अभ्यासही पुरावा मानतो. ज्याच्याकडे सातबारा कधी आलाच नाही, त्याच्या आजोबाची आठवण इथे कायद्याचा कागद होते. माडियांना याचा उपयोग करता आला पाहिजे.

बाबासाहेब एकाच आयुष्यात दोन्ही होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात जातीच्या उत्पत्तीवर निबंध वाचणारा समाजशास्त्रज्ञ आणि कोर्टात उलटतपासणी घेणारा बॅरिस्टर. आमच्या तथ्यशोधन समित्यांनी हे पथ्य पाळावे. आधी फिर्याद आणि पंचनामा झाला की नाही ते पाहा, मग अहवाल लिहा. पाहिलेले, ऐकलेले आणि आपला तर्क हे तीन रकाने वेगळे ठेवा. जबाब बोलणाऱ्याच्याच भाषेत उतरवा. तारीख, वेळ आणि दुभाष्याचे नाव मूळ प्रतीवर लिहा आणि ती प्रत जपून ठेवा. बाहेर द्यायच्या प्रतीत माहिती देणाऱ्याचे किंवा दुभाष्याचे नाव त्यांच्या परवानगीशिवाय घालू नका. एका घटनेवरून सगळ्या तालुक्याचा आकडा काढू नका, आणि आकड्यावरून कुणा एकाला दोषी ठरवू नका. असा अहवाल सरकारी वकिलाला वापरता येतो, बचावाच्या वकिलाला वापरता येतो आणि विधानसभेत कायदा बदलायलाही वापरता येतो. भामरागडच्या माणसासाठी घोषणा पुष्कळ झाल्या. त्याच्या बाजूने कोर्टात टिकेल असा कागद तयार करणारे कार्यकर्ते आता प्रत्येक तालुक्यात उभे राहिले पाहिजेत.