गवत कापणीचे यंत्र : निवड आणि निगा

मृगाचा पाऊस पडून गेला की हिंगोली–वाशीम मार्गावरील कनेरगाव नाक्याच्या परिसरात सोयाबीन, तूर व कापूस या पिकांबरोबर गवतही जोमाने वर येते. पिकातील तणाकडे कास्तकाराचे लक्ष असते; तेथे कोळपणी व खुरपणी वेळेवर होते. परंतु घराचे अंगण, परसबाग, गोठ्याभोवतालची जागा, शाळेचे पटांगण आणि शेताचे बांध यांकडे पाहण्यास त्या दिवसांत कोणालाच सवड नसते. श्रावण उजाडेपर्यंत तेथे गुडघाभर गवत माजते. घोणस व फुरसे यांसारख्या विषारी सापांना त्यात आसरा मिळतो, आणि गाजरगवत फुलावर येऊ लागते.

गाजरगवताची नोंद भारतात प्रथम १९५५ साली पुणे येथे झाली. त्याचे एक झाड दहा ते पंचवीस हजार बी तयार करते. म्हणून ते फुलण्यापूर्वीचे थोडे दिवस फार मोलाचे असतात. नेमक्या त्याच दिवसांत मजूर मिळत नाहीत, आणि गवत कापणीचे यंत्र असलेच तर ते बंद पडून दुकानात दुरुस्तीस गेलेले असते. आठ दिवस वाया गेले की पुढील वर्षांच्या तणाचे बी जमिनीत पडते. अशा वेळी जे यंत्र दोरी ओढताच सुरू होते तेच भरवशाचे म्हणावे. हा भरवसा निम्मा खरेदीच्या वेळी आणि निम्मा रोजच्या निगेने मिळतो.

यंत्राची रचना

या यंत्रास गावोगावी ग्रास कटर किंवा ब्रश कटर म्हणतात. लांब दांड्याच्या एका टोकास लहान इंजिन व दुसऱ्या टोकास फिरणारे डोके असते. डोक्यातील नायलॉनची दोरी अतिवेगाने फिरून ताठ होते व गवताचे कांडे तोडते. ही कल्पना अमेरिकेतील ह्यूस्टन शहराचे जॉर्ज बॅलस यांस १९७१ साली सुचली. मोटार धुणाऱ्या यंत्राचे फिरते कुंचले पाहून त्यांनी एका पत्र्याच्या डब्यास मासेमारीची दोरी बांधली आणि तो फिरवून पाहिला. दोरी असल्यामुळे भिंतीच्या कडेला, कुंपणाच्या खांबाजवळ व दगडी बांधालगत काम करता येते. तेथे पाते मोडण्याचा संभव असतो.

दोरीची मर्यादाही ओळखली पाहिजे. कोवळे व हिरवे गवत ती उत्तम कापते. जून झालेली झुडपे, बोरीबाभळीचे फुटवे किंवा तुरीच्या तुराट्या यांवर ती तुटते. त्या कामासाठी धातूचे पाते लावता येईल असेच यंत्र लागते. शिवाय यंत्र जमिनीवरील भागच कापते. हराळी, कुंदा व लव्हाळा यांची मुळे व गाठी शाबूत राहतात आणि ती पुन्हा फुटतात. त्यांचा नाश करावयाचा तर खणूनच काढावी लागतात.

निवड करताना

प्रथम काम पाहावे, मग यंत्र. केवळ अंगण व परसबाग असेल तर बॅटरीवर चालणारे हलके यंत्र पुरते. त्यास पेट्रोल लागत नाही व आवाजही कमी असतो. मात्र एका भारावर ते किती मिनिटे चालते हे दुकानात विचारून घ्यावे. बांध व पटांगण असे अधिक काम असेल तर सुमारे ३० ते ५० घनसेंटिमीटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन व सरळ दांडा असलेले यंत्र घ्यावे. खांद्यावर पट्ट्याने अडकवण्याचे यंत्र सपाट जागी सोयीचे असते. पाठीवरच्या यंत्रात इंजिनाचे वजन पाठीवर येऊन हात मोकळे राहतात. उताराच्या बांधावर ते बरे पडते.

लहान इंजिनावर २ ते २.४ मिलिमीटर जाडीची दोरी वापरावी. दाट व उंच गवतास २.७ ते ३ मिलिमीटर दोरी लागते. परंतु ती पेलण्यास इंजिनही तेवढे समर्थ असावे. लहान यंत्रावर जाड दोरी चढवल्यास वेग उतरतो, क्लच तापतो व यंत्र लवकर झिजते.

किमतीइतकेच सुट्या भागांकडे पाहावे. दोरीचे डोके, प्लग, हवेची गाळणी व ओढदोरी हे भाग हिंगोली किंवा वाशीमच्या बाजारात मिळतात काय, आणि ते बसवणारा कारागीर कोठे आहे, याची चौकशी पैसे देण्यापूर्वी करावी. स्वस्त यंत्राचा दोनशे रुपयांचा भाग दूरच्या शहरातून मागवावा लागला तर ते ऐन हंगामात महाग पडते. यंत्र दुकानातच सुरू करून पाहावे. इंजिन मंद चालत असताना डोके फिरता कामा नये; फिरत असेल तर मंद गती प्रथम कमी करून घ्यावी. शासकीय अनुदानातून खरेदी करावयाची असल्यास महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यानंतरच यंत्र विकत घ्यावे.

इंधन : सर्वांत मोठी चूक येथेच

दोन स्ट्रोकच्या इंजिनास तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच त्यास वंगण पुरवते. नुसते पेट्रोल घातल्यास पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जाम होतो, आणि नवे यंत्रही एका दिवसात निकामी होते. उलट तेल जास्त झाल्यास धूर होतो व प्लग काळा पडतो. माहितीपुस्तिकेत जे प्रमाण दिले असेल तेच पाळावे. पन्नासास एक असे प्रमाण असल्यास दर लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर, चाळिसास एक असल्यास २५ मिलिलिटर व पंचविसास एक असल्यास ४० मिलिलिटर तेल घालावे. तेल दोन स्ट्रोकचेच असावे व मापाने घालावे. अंदाजाने ओतू नये. मिश्रण वेगळ्या डब्यात करून हलवावे व मग टाकीत भरावे.

चार स्ट्रोकच्या इंजिनात साधे पेट्रोल व वेगळे इंजिन तेल असते. रोज सकाळी यंत्र समपातळीत ठेवून तेलाची पातळी पाहावी. घरात दोन्ही प्रकारची यंत्रे असतील तर डब्यांवर रंगाने खूण करावी.

हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असते व ते हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून मिश्रण महिनाभरात संपेल इतकेच करावे. गेल्या वर्षीचे पेट्रोल चालू वर्षी वापरू नये. कार्बोरेटर चोंदण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

दहा मिनिटांची निगा

काम संपल्यावर यंत्र थंड होऊ द्यावे आणि मग दहा मिनिटे त्यास द्यावीत. सिलिंडरच्या पंखांत व डोक्याभोवती अडकलेले गवत काढावे. हवेच्या गाळणीतील स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवूनच परत बसवावा. नट व पट्टा तपासावा. सुमारे २० ते २५ तासांच्या कामानंतर डोक्याजवळील गिअरपेटीत ग्रीस भरावे. प्लग काढून साफ करावा व त्यातील फट पुस्तिकेप्रमाणे, बहुधा ०.६ ते ०.७ मिलिमीटर, ठेवावी.

नायलॉनची दोरी कोरडी पडल्यास ठिसूळ होते. वापरण्यापूर्वी ती रात्रभर पाण्यात भिजत ठेवल्यास लवचीक राहते व कमी तुटते. रिळावर ती एकसारखी व न गुंतवता, बाणाच्या दिशेने गुंडाळावी. दोरी तुटते म्हणून तिच्या जागी तार किंवा साखळी कधीही लावू नये. तारेचा तुकडा सुटला तर तो गोळीसारखा जातो.

डोळे सांभाळावे

दगडगोट्यांच्या जमिनीत फिरत्या दोरीखाली आलेला खडा दूर उडतो. त्याने एकदा डोळा गेला तर तो कोणत्याही दवाखान्यात परत मिळत नाही. म्हणून चष्मा किंवा जाळीचा मुखवटा, जाड बूट, लांब विजार व कानांस बोळे यांवाचून यंत्र सुरू करू नये. संरक्षक पत्रा काढून टाकू नये. आधी काठीने गवत चाळवत जागेवरून फिरावे. त्यामुळे साप निघून जातो, आणि तारा, काचा व दगड उचलता येतात. मुले, जनावरे व इतर माणसे किमान १५ मीटर दूर असावीत. बहुतेक यंत्रांचे डोके वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. अशा वेळी उजवीकडून डावीकडे झोत घेतल्यास कापलेले गवत डाव्या बाजूस पडते. फळझाडांच्या रोपांभोवती हातभर जागा सोडावी व तेथे खुरपे चालवावे. दोरीने बुंध्याची साल सर्व बाजूंनी निघाली तर रोप वाळते.

गाजरगवत थोडे असेल तर पाऊस झाल्यावर हातमोजे घालून ओल्या जमिनीतून मुळासकट उपटणेच उत्तम. विस्तीर्ण जागी ते फुलण्यापूर्वी यंत्राने कापावे, आणि फुटवे येताच पुन्हा कापावे. बी धरलेले गाजरगवत यंत्राने कापू नये. त्याने बी पसरते. कापताना नाकातोंडावर फडके बांधावे, कारण या झाडाने त्वचेस खाज व श्वासास त्रास होतो. मोकळ्या झालेल्या जागी तरोट्याचे बी टाकल्यास तो गाजरगवतास दाबून टाकतो.

हंगाम संपल्यावर

दिवाळीनंतर यंत्र ठेवून देताना टाकी रिकामी करावी व कार्बोरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे. यंत्र पुसून, लोखंडी भागांस तेलाचा हात लावून, कोरड्या जागी टांगून ठेवावे. मृगापूर्वी पंधरा दिवस ते एकदा सुरू करून पाहावे. बिघाड असल्यास दुरुस्तीस अवधी मिळतो.

प्रत्येक कास्तकाराने स्वतंत्र यंत्र घ्यावेच असे नाही. पाच-सात जणांच्या गटात एक यंत्र पुरते. मात्र चालवणारा माणूस ठरलेला असावा, आणि तेल, ग्रीस व कामाचे तास यांची वही ठेवावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी शाळेच्या पटांगणावर इंधनाचे मिश्रण, दोरी गुंडाळणे व गाळणी धुणे या तीन गोष्टी शेतकऱ्यांच्या हातून करवून घ्याव्यात. अधिक माहितीसाठी सहायक कृषी अधिकाऱ्याकडे अथवा तोंडापूर येथील कृषी विज्ञान केंद्राकडे विचारणा करावी. ही तयारी मृगापूर्वी झाली तर श्रावणात बांध व अंगण स्वच्छ राहील, आणि गाजरगवताचे बी धरण्यापूर्वीच त्यावर यंत्र फिरलेले असेल.