आईची शिकवणी, लेकीचं गाणं. सुरांनी मन शांत का होतं?

पुणे : आजारपणात बरं वाटावं म्हणून आईनं गाण्याची शिकवणी लावली. आईचं शिकणं थोड्याच दिवसांत थांबलं; आठ वर्षांची लेक मात्र आयुष्यभर गात राहिली. त्या लेकीचं नाव डॉ. प्रभा अत्रे. विज्ञान आणि कायद्याची पदवी घेऊनही त्यांनी सूरच निवडला.

गाण्यानं नेमकं काय होतं?

गाताना श्वास पटकन घेतला जातो आणि सावकाश सोडला जातो. लांबलेल्या उच्छ्वासामुळे हृदयाची गती मंदावते, शरीर सैलावतं. संथ आलापात हेच घडतं. लक्ष सुरावर असल्यानं काळजीही मागे पडते.

१३ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात, वयाच्या ९१व्या वर्षी प्रभाताईंचं निधन झालं. त्याच दिवशी मुंबईत त्यांचं गाणं ठरलं होतं.