शेणकिडा ओळखावा कसा?

श्रोतेहो, मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या, की दिव्यांभोवती काळे, टणक भुंगे येऊन आपटू लागतात. गेल्या वर्षी त्याच दिवसांत आमच्या वास्कोच्या शाळेतील एक मुलगा पेडण्याहून, आजोळाहून परतला तो पत्र्याच्या डबीत सहा मेलेले भुंगे घेऊन. "सर, हे माड खातात. आजोबांनी मारले," तो अभिमानाने म्हणाला.

भुंग्यांना शिंगे होती, आणि घोटाळा होतो तो तिथेच. माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याला शिंग असते, तसे पुष्कळ शेणकिड्यांच्या नरांनाही असते. त्यातून गेंड्या भुंग्याच्या अळ्या खताच्या खड्ड्यात वाढतात. म्हणून शेणाजवळचा प्रत्येक भुंगा आपण वैरी मानतो. दोघांच्या मिशांची टोके पंख्यासारखी उलगडतात आणि दोघांच्याही पुढच्या पायांना दाते असतात, कारण दोघे एकाच विशाल कुळातले.

मग पाहावे काय? प्रथम पाठ. गेंड्या भुंग्याच्या कठीण पंखांच्या मुळाशी, मधोमध, एक लहानसा त्रिकोण स्पष्ट दिसतो. आपल्याकडील शिंगवाल्या शेणकिड्यांत तो सहसा दिसत नाही. नंतर डोके. शेणकिड्याच्या डोक्याची पुढची कड फावड्यासारखी पसरट असते व जबडे तिच्याखाली झाकलेले असतात. शेवटी भुंगा उलटा करावा. शेणकिड्याच्या मधल्या पायांची मुळे एकमेकांपासून बरीच दूर असतात, आणि मागच्या नडगीच्या टोकाशी एकच काटा असतो. गेंड्या भुंग्याला दोन असतात. आकारानेही गेंड्या भुंगा साडेतीन ते पाच सेंटिमीटर लांबट, तर शेणकिडा बहुधा लहान व गोलसर.

शेणकिड्यांतही दोन धंदे दिसतात. शेणाची गोळी करून ढकलीत नेणाऱ्यांचे मागचे पाय लांब व सडपातळ असतात; शेणाखालीच बीळ खणून ते आत नेणाऱ्यांचे पाय आखूड व दणकट. दोघेही शेण मातीत पुरतात. त्यामुळे जमिनीला खत मिळते, माती भुसभुशीत होते आणि माश्यांची पैदास घटते.

या सेवेचे मोल ऑस्ट्रेलियाने जाणले. १७८८ मध्ये तेथे गुरे प्रथम पोहोचली, परंतु तेथील मूळचे शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. गुरांचे शेण कुरणांवर तसेच वाळू लागले, माश्या माजल्या. अखेर त्या देशाने परदेशांतून शेणकिडे आणविले व १९६८ पासून ते कुरणांत सोडले.

आम्ही डबीतले भुंगे एकेक करून तपासले. दोन गेंड्या भुंगे होते, चार शेणकिडे. मुलगा गप्प झाला. जरा वेळाने म्हणाला, "आजोबांना त्रिकोण दाखवतो."

श्रोतेहो, माडाच्या शेंड्यातला वैरी आकड्याने जरूर ओढून काढावा. पण पायाखाली आलेल्या भुंग्याची पाठ मात्र आधी पाहावी.