बुटेयको म्हणतात, श्वास कमी घ्या!

दम लागला की आपण ‘मोठा श्वास घे’ म्हणतो. सोव्हिएत डॉक्टर कॉन्स्टँटिन बुटेयको यांनी १९५०च्या दशकात उलटंच सांगितलं: नाकाने, हळू आणि कमी घ्या, सोडल्यावर क्षणभर थांबा. अतिश्वसनाने कार्बन डायऑक्साइड घटतो आणि श्वासनलिका आवळतात, हा त्यांचा सिद्धान्त. तो सर्वमान्य नाही. तरी ब्रिस्बेनच्या चाचणीत (१९९८) हे तंत्र शिकलेल्या दम्याच्या रुग्णांना तात्काळ आराम देणारा पंप बराच कमी लागला. फुफ्फुसांची क्षमता मात्र होती तेवढीच राहिली.

 

श्वासाचा हा व्यायाम जरूर करा, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा स्टेरॉइडचा पंप बंद करू नका.