शोधखिडकीतला हापूस : सर्च इंजिन आणि मजकुराचा व्यापार

मार्च उजाडला की 'देवगड हापूस' हे दोन शब्द मोबाइलच्या शोधखिडकीत टाइप होऊ लागतात. उत्तरादाखल जी पाने येतात त्यांत बागायतदारांची संकेतस्थळे असतात, पुण्या-मुंबईतल्या व्यापाऱ्यांची असतात, आणि ज्यांचा देवगडशी संबंध त्या शब्दापुरताच आहे अशांचीही असतात. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळाला हे नाव लावायचे, एवढे कायद्याने ठरले. शोधखिडकीत मात्र कोणाचे पान वर यावे हे निराळ्याच नियमांनी ठरते. त्या नियमांचा अंदाज घेऊन पान घडवण्याचा जो व्यवसाय उभा राहिला, त्याला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन किंवा एसईओ म्हणतात. आणि त्या पानासाठी मजकूर लिहिणाऱ्याला कंटेंट रायटर. मराठी माध्यमातून शिकलेल्या कितीतरी मुलामुलींचे घर आज या कामावर चालते. तरी या लेखनाच्या व्याकरणाकडे आपण फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही.

सर्च इंजिनाला खरे-खोटे कळत नाही. खरेपणाच्या खुणा तेवढ्या मोजता येतात. त्या खुणा एकदा सर्वांना कळल्या की नकली खुणा तयार होतात, मग इंजिन नवी खूण शोधते. एसईओचा तीस वर्षांचा इतिहास हा मुख्यतः या पाठशिवणीचा इतिहास आहे.

सुरुवात शब्दमोजणीपासून झाली. जाडजूड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते : अमुक शब्द अमुक पानांवर. सर्च इंजिन जगभरच्या पानांची अशीच सूची आधी करून ठेवते आणि आपण प्रश्न विचारला की ती सूची चाळते. आयत्या वेळी इंटरनेट धुंडाळत बसत नाही. पण 'आंबा' हा शब्द लाखो पानांवर असेल तर आधी कोणते दाखवायचे? ब्रिटिश संशोधक कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये याचे एक साधे, टिकाऊ उत्तर दिले. जो शब्द थोड्याच दस्तऐवजांत येतो, त्याचे वजन जास्त धरावे. 'आणि' सगळीकडे असतो, म्हणून त्याला जवळजवळ किंमत नाही. 'आंबा'ला थोडी. 'साका'ला पुष्कळ, कारण हापूसच्या गरात होणारी ती पांढरट, स्पंजासारखी विकृती ज्याने फळ कापून पाहिले आहे तोच त्या नावाने ओळखतो. हे तत्त्व वाचकाने लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

डिसेंबर १९९५ मध्ये आलेले अल्टाव्हिस्टा आणि त्याच्या काळातली इतर इंजिने बरीचशी शब्दांवर विसंबून होती. साहजिकच पानांवर शब्दांची खोगीरभरती झाली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवायचा. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतो. पानाच्या माथ्यावर, वाचकाला न दिसणाऱ्या भागात, 'आमच्या पानाचे मुख्य शब्द' सांगण्याची सोय होती, तिचाही असाच बाजार झाला. क्रमवारी ठरवताना आपण त्या यादीकडे पाहत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर सांगितले. आपल्याकडच्या काही शिकवणी वर्गांत ती भरायला आजही शिकवतात, हा भाग वेगळा.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये जी नवी खूण मांडली, तिचे मूळ ग्रंथालयात होते. एखाद्या शोधनिबंधाचा दाखला इतर किती निबंधांनी दिला यावरून त्याचे वजन ठरवण्याची रीत विज्ञानात रुजत होती. युजीन गारफिल्ड यांची विज्ञान-संदर्भसूची १९६४ पासून निघत होती. पेज-ब्रिन यांनी दुव्याला, म्हणजे लिंकला, दाखला मानले. त्यात एक बारकावा होता : कोण दाखला देतो यालाही महत्त्व. ज्याला अनेकजण मानतात त्याने दिलेला दाखला जड, ऐऱ्यागैऱ्याचा हलका. गावात सोयरीक जुळवताना आपण चौकशी करतो ती याच पद्धतीने. कोण सांगतो आहे ते आधी पाहतो. याच निबंधाच्या परिशिष्टात दोघांनी एक इशाराही देऊन ठेवला होता. जाहिरातीवर चालणारे सर्च इंजिन स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि ग्राहकाच्या गरजेपासून दूर जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्यांचीच कंपनी जाहिरातीवर जगातली एक सर्वांत श्रीमंत कंपनी झाली.

दाखला विकत मिळू लागायला वेळ लागला नाही. दुव्यांची शेते लागली : एकमेकांची शिफारस करण्यापलीकडे काही काम नसलेली शेकडो संकेतस्थळे. ब्लॉगांखालच्या प्रतिक्रियांत औषधांच्या आणि जुगाराच्या दुव्यांचा इतका चिखल झाला की जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या प्रतिस्पर्ध्यांना एकत्र येऊन 'हा दुवा शिफारस धरू नये' अशी खूण ठरवावी लागली. मोठी नावेही मागे नव्हती. फसव्या प्रवेशपानांमुळे बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलने काही काळ यादीतूनच काढले. अमेरिकेतले जे. सी. पेनी हे जुने दुकान २०१०च्या नाताळ हंगामात कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत असंख्य शोधांत पहिले येत होते. विषयाशी काडीचा संबंध नसलेल्या हजारो पानांवर त्याचे दुवे पेरलेले आहेत, हे न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी २०११ मध्ये उघड केले. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे दुकानाने सांगितले आणि एसईओचे काम पाहणाऱ्या कंपनीला काढून टाकले.

अर्थशास्त्रात याला गुडहार्टचा नियम म्हणतात. चार्ल्स गुडहार्ट यांनी तो १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंदर्भात मांडला होता : एखादे माप नियंत्रणासाठी वापरू लागलो की ते भरवशाचे राहत नाही. परीक्षेतल्या गुणांवरून आपल्याला हे पुरते ठाऊक आहे.

खुणांच्या या बाजारात लेखनाचे काय झाले, ते डिमांड मीडिया या अमेरिकी कंपनीवरून नीट कळते. लोक काय शोधतात आणि त्या शब्दांवर जाहिरातीचे किती पैसे मिळतात, हे गणिताने काढून ही कंपनी लेखांची शीर्षके तयार करी आणि बाहेरच्या लेखकांना वाटून देई. एका लेखाला साधारण पंधरा डॉलर. लिहिणाऱ्याला विषय माहीत असण्याची गरज नव्हती. तो पहिली चार पाने वाचून पाचवे लिही, आणि सहावे लिहिणारा ते पाचवे वाची. जानेवारी २०११ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हा पहिल्याच दिवशी तिचे मूल्य न्यूयॉर्क टाइम्सच्या कंपनीपेक्षा जास्त भरले. महिन्याभरात, २४ फेब्रुवारीला, गूगलने 'पांडा' नावाने ओळखला जाणारा बदल आणला. अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांचे निकाल त्याने हलले आणि अशा कारखान्यांचे दिवस फिरले. २०१२ मध्ये 'पेंग्विन'ने विकतच्या दुव्यांना लक्ष्य केले. २०१९ मध्ये आलेल्या 'बर्ट'ने सुटे शब्द सोडून वाक्यातला संबंध वाचण्याचा प्रयत्न केला.

मराठीची कहाणी या सगळ्याला समांतर पण वेगळी आहे. आपली पाने बरीच वर्षे यंत्राला दिसतच नव्हती. वृत्तपत्रांची सुरुवातीची संकेतस्थळे आपापल्या खास फाँटमध्ये असत. पडद्यावर 'आंबा' दिसे, पण आतल्या साठ्यात रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थहीन पुंजका असे. कितीतरी चांगले मराठी लेखन त्यामुळे सूचीबाहेर राहिले. युनिकोड रुळल्यावर हा पडदा उठला, पण पुरता नाही. 'शेतकऱ्याकडून' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ्या' दोन प्रकारे साठवता येतो : नुक्त्याच्या 'ऱ'ने, किंवा साध्या 'र'ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. 'ॲप'मधला 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला. त्याआधी 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवत, आणि आजही अनेकजण तसेच करतात. मोठी सर्च इंजिने अशी बरीच रूपे जुळवून घेतात. लहान ऑनलाइन दुकानाच्या स्वतःच्या शोधखिडकीला मात्र ते बहुधा जमत नाही, आणि माल असूनही 'काही सापडले नाही' अशी पाटी येते.

त्यात आपले सामान्यरूप. इंग्रजीत 'मँगो' हा शब्द वाक्यात कुठेही तसाच राहतो. मराठीत आंब्याचा, आंब्यांना, आंब्यातला. कोल्हापूर म्हटले तरी कोल्हापुरात, कोल्हापुरी. 'मुख्य शब्द पानात इतक्या वेळा जसाच्या तसा आला पाहिजे' हा इंग्रजी वर्गातला नियम मराठीला लावला की 'देवगड हापूस आंबा ऑनलाइन खरेदी करण्यासाठी देवगड हापूस आंबा ऑनलाइन' अशी वाक्ये जन्माला येतात. ती आपण सगळ्यांनी वाचली आहेत. हल्लीच्या इंजिनाला त्यांची गरज नाही, आणि फाजील पुनरुक्ती गूगलच्या नियमांत निषिद्धच आहे. पण शब्दांच्या संख्येवर पैसे मिळत असतील तर वाक्य फुगवायला लेखक तरी का कचरेल? शिवाय गिऱ्हाईक स्वतः 'हापूस' कधी 'हापुस' लिहिते, कधी रोमन लिपीत, तर कधी सरळ 'अल्फान्सो' म्हणते. ही नावे मजकुरात एकेकदा स्वाभाविकपणे यावीत. त्यांची माळ ओवू नये.

आज प्रश्न अधिक कठीण झाला आहे, कारण सहावा लेख लिहिणाऱ्या माणसाचीही आता गरज उरलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता मिनिटात शंभर पाने लिहिते. मार्च २०२४ मध्ये गूगलने केवळ क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात तयार केलेला मजकूर नियमबाह्य ठरवला, मग तो यंत्राने केलेला असो वा माणसाने. त्याच वर्षी निकालांच्या माथ्यावर यंत्राने लिहिलेला सारांशही गूगलने द्यायला घेतला. मे महिन्यात अमेरिकेत, ऑगस्टमध्ये भारतात. प्यू रिसर्च सेंटरने अमेरिकेतल्या लोकांच्या मार्च २०२५ मधल्या वापराची पाहणी केली. सारांश दिसला तेव्हा खालच्या निकालांवर ८ टक्के वेळा बोट गेले. सारांश नव्हता तेव्हा १५ टक्के वेळा. म्हणजे ज्यांच्या पानांवरून उत्तर तयार झाले, त्यांच्या दारात येणारे निम्म्याच्या आसपास आले. मला यात उघड अन्याय दिसतो.

याचा फटका इंग्रजीपेक्षा मराठीला जास्त बसेल. इंग्रजीत चुकीच्या शंभर पानांमागे जाणकाराची दहा तरी असतात. मराठीत फवारणी, मधुमेह, सातबारा अशा विषयांवर जाणकाराचे पान मुळातच विरळ आहे. तिथे एकमेकांवरून उतरवलेली पाने भरली, तर तोच मजकूर पुढच्या यंत्राचे शिक्षण होईल आणि शेतकरी किंवा रुग्ण त्याच्यावर विसंबून निर्णय घेईल. गूगल आपल्या गुणवत्ता-परीक्षकांना तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता पाहायला सांगत असे. डिसेंबर २०२२ मध्ये त्यात प्रत्यक्ष अनुभवाची भर पडली. या परीक्षकांचे गुण थेट क्रमवारीत जात नाहीत, पण यंत्राला कोणत्या दिशेने वळवायचे आहे ते त्यावरून कळते. अर्थात अनुभवाचेही सोंग आणता येतेच. 'गेली वीस वर्षे आम्ही' असे लिहायला कोणाला काय लागते?

सोंग जिथे तोकडे पडते ती जागा तपशिलाची. इथे स्पार्क जोन्स यांचा दुर्मीळ शब्द पुन्हा कामाला येतो. देवगडचा बागायतदार आपल्या पानावर काय लिहू शकतो? लांबच्या प्रवासाला फळ चौदा आणे तयार झाल्यावर काढतात, ते झाडावर कसे ओळखायचे. पेटी उघडल्यावर आढी कशी लावायची, कोणत्या दिवशी फळ पालटायचे. यंदा मोहोर उशिरा आला की लवकर, तुडतुड्याने किती खाल्ला, म्हणून पहिली पेटी कधी निघेल. कॅल्शियम कार्बाइडने पिकवायला कायद्याने बंदी आहे, मग आपण कशाने पिकवतो. साका निघाला तर पैसे परत की फळ बदलून. यातला एकही मुद्दा पहिली चार पाने वाचून लिहिता येणार नाही, आणि पेटी मागवणाऱ्याला नेमके हेच विचारायचे असते. कंटेंट रायटरचे खरे काम इथे फोन उचलून बागेतल्या माणसाला प्रश्न विचारणे हे आहे. तेवढ्या वेळाचे पैसे देणारा मालक मिळणे कठीण, हेही खरे.

अशा पानाचे तांत्रिक सोपस्कार थोडेच असतात. शीर्षकात फळ, गाव आणि हंगामाचे वर्ष असावे. फोटो स्वतःच्या बागेतले आणि हलके असावेत, म्हणजे खेड्यातल्या नेटवर्कवरही पान चटकन उघडते. पत्ता आणि मानांकनाचा नोंदणी क्रमांक उघड लिहावा. एक गोष्ट मात्र हमखास चुकते. जूनमध्ये पेट्या संपल्या की काही विक्रेते पान काढून टाकतात आणि पुढच्या फेब्रुवारीत नव्या पत्त्यावर नवे करतात. वर्षभरात कुणी पाककृतीच्या लेखातून, कुणी अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या पानावरून त्या जुन्या पत्त्याचा दाखला दिलेला असतो, तो सगळा वाया जातो. पान तेच ठेवावे, वर 'हंगाम संपला, पुढची नोंदणी फेब्रुवारीत' एवढी ओळ लिहावी, आणि पावसाळ्यात सवड मिळाली की यंदा किती पेट्या परत आल्या आणि का, तेही तिथेच लिहून टाकावे.